मांडीवर बसून ऐकायची पुस्तके

मी सदतीस वर्षे एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. सुरुवातीच्या काळात माझ्या शेजारी कॉपी होल्डर बसत असे. तो मूळ प्रत मोठ्याने वाची, अगदी 'स्वल्पविराम', 'अवतरण सुरू', 'अवतरण बंद' यांसकट, आणि मी समोरच्या ओलसर मुद्रितावर पेन्सिल फिरवीत असे. ज्या वाक्यावर वाचणाऱ्याची जीभ अडखळते त्या वाक्यात बहुधा काहीतरी चुकलेले असते, मग व्याकरणाने ते निर्दोष का असेना, हे तेव्हा अंगवळणी पडले. निवृत्तीनंतर या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळेल असे वाटले नव्हते. परंतु सध्या आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरी दुपारी तीन श्रोते असतात. मुलाची थोरली मुलगी साडेचार वर्षांची, तिची बहीण आठ महिन्यांची, आणि मुलीचा मुलगा, जो शेजारच्या गल्लीतून दुपारपुरता येतो, सव्वादोन वर्षांचा. या तिघांना वाचून दाखवायची पुस्तके निवडण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले, कारण 'तुमचं सारं आयुष्य छापखान्यात गेलं.'

त्या विश्वासाला मी पहिल्याच खरेदीत तडा दिला. सोनेरी अक्षरांचे जाडजूड कव्हर आणि आत एकशे एक गोष्टी असलेला एक संग्रह मी आणला. पैसे वसूल होतील असा माझा हिशोब होता. प्रत्यक्षात ते पुस्तक मांडीवर ठेवले तर मुलासाठी मांडीवर जागा उरेना, एका पानावर चाळीस ओळी आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे चित्र. नातवाने दोन मिनिटांत पुस्तकावर चढून बसण्याचा मार्ग पत्करला. ते मी माझ्या डोळ्यांनी निवडले होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि माझ्या तोंडाने तपासलेही नव्हते.

तेव्हापासून मी दुकानात पुस्तक उघडून दोन पाने पुटपुटत वाचतो. हे वाटते तितके सोपे नाही, कारण हल्ली पुस्तके प्लास्टिकच्या आवरणात बंद असतात. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मालकाने मला बजावले, "काका, घ्यायचं असेल तरच फोडतो." मी म्हणालो, वाचल्याशिवाय घ्यायचे की नाही ते कसे ठरवू? त्याने माझ्याकडे पाहिले, मग रांगेतल्या इतर गिऱ्हाइकांकडे पाहिले आणि सुटकेसाठी एक पुस्तक फोडून दिले. ते मी घेतले नाही. त्यातला ससा 'एक आनंदी ससा होता', त्याने 'आपले डोके हलवले' आणि रात्री त्याच्या आईने त्याला 'शुभ रात्री' म्हटले. मराठी घरात आई लेकराला शुभ रात्री म्हणत नाही. ती 'नीज आता' म्हणते, 'झोप गं बाई' म्हणते, नाहीतर डोळे वटारते. अशा भाषांतरात शब्द सगळे मराठी असतात आणि वाक्य मात्र पाहुण्यासारखे अवघडून बसलेले असते. मनात वाचताना ते चालून जाते. मोठ्याने वाचताना, आणि तेही एकाच दिवशी चौथ्यांदा वाचताना, ते घशात अडकते.

म्हणून माझी पहिली अट ही, की वाक्य एका श्वासात मावावे आणि ओळ अर्थाच्या जागी तुटावी. 'माकड झाडावरून / टुणकन उतरले' अशी ओळ तोडली तर वाचणाऱ्याला आपोआप थांबता येते आणि ऐकणाऱ्याला पुढच्या ओळीची वाट पाहता येते. तेच 'माकड झाडा- / वरून' असे छापले की माझी सदतीस वर्षे उसळून येतात. दुसरे असे, की मजकूर चित्राच्या गडद भागावर पांढऱ्या अक्षरांत छापलेला नसावा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो सुंदर दिसतो, पण रात्री मंद दिव्यात, मांडीवर बाळ आणि नाकावर दुहेरी भिंगाचा चष्मा असताना, आजोबांना ती अक्षरे दिसत नाहीत आणि ते गोष्ट स्वतःच रचू लागतात. तसे झाले तरी बिघडत नाही म्हणा. मात्र मग पुस्तकाचे पैसे कशाला द्यायचे?

धाकटीच्या बाबतीत आमच्या शेजारच्या काकूंनी विचारले होते, "तिला काय कळतं हो?" गोष्ट कळत नाही, हे खरेच आहे. तिला आवाज कळतो, आवाजाचा चढउतार कळतो, आणि आपण कोणाच्या तरी मांडीवर आहोत हे फार चांगले कळते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये तान्हेपणापासूनच मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस केली, ती गोष्ट कळावी म्हणून केलेली नव्हती. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढा दूर असतो तेवढ्यावरचे, आणि फिकट रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध त्याची नजर धरून ठेवतो. फिकट गुलाबी ढगांवर फिकट निळे ससे असलेली पुस्तके मुळात बाळासाठी काढलेली नसतातच. ती बारशाला आहेर आणणाऱ्यांसाठी असतात.

त्यासाठी खर्च करण्याचीही गरज नाही, हे मला झेरॉक्सच्या दुकानात कळले. प्रथम बुक्स या बंगळुरूच्या, २००४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केले. तिथली पुस्तके, मराठीतलीही, मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ती उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. मोठी, ठसठशीत आकृती असलेली चार-पाच पाने मी काळ्या-पांढऱ्यात छापून घेतली, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि तिच्या पाळण्याच्या कडेला टेकवून ठेवली. ती पाने तिने आपल्या मुठीएवढ्याच एकाग्रतेने पाहिली. तेच पुस्तक फोनवर दाखवणे सोपे होते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, आणि शिवाय फोन आला की अस्वलाच्या जागी बँकेचा माणूस बोलू लागतो.

आता आठव्या महिन्यात तिचे वाचन मुख्यतः तोंडाने चालते. पुस्तक हातात आले की कोपरा तोंडात जातो, आणि त्यावरून तिला रागावणे हे कुत्र्याला भुंकण्यावरून रागावण्यासारखे आहे. या वयाला जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, गोल कोपऱ्यांचे, चकचकीत थर दिलेले पुस्तक लागते, आणि त्यावर चिकटवलेले डोळे, बटणे, मणी असे सुटून घशात जाण्याजोगे काहीही नको. त्यात नागपूरचा उन्हाळा स्वतःची एक अट घालतो. पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपार कूलरसमोरच काढावी लागते, आणि कूलरच्या झोतात पातळ कागदाचे पुस्तक उघडले तर पाने आपणहून फडफडत उलटतात. कासव तळ्यातून बाहेर येण्याआधीच गोष्ट संपते. पुठ्ठ्याचे पान जागचे हलत नाही. मात्र कूलरचा ओलावा आणि बाळाची लाळ मिळून कच्च्या पुठ्ठ्याला चार दिवसांत फुगवतात आणि त्याचे थर पापडासारखे सुटतात. त्यामुळे मी आता विकत घेण्याआधी कोपरा नखाने हळूच उकलून पाहतो, अर्थात दुकानदाराची पाठ असताना. कूलरच्या घरघरीवर मात करणारे शब्दही मी ऐकून ठेवले आहेत. 'हळुवार', 'सुरेख', 'शांत' हे शब्द वाऱ्यात विरून जातात. 'धप्पकन', 'टुणकन', 'डुबुक' हे मात्र थेट पोहोचतात, आणि त्यांपैकी 'डुबुक' ऐकल्यावर ती दर वेळी पाय झाडते. मराठीत अशा नादशब्दांची खाण आहे. ज्या पुस्तकात पाच पानांत एकही असा शब्द नाही, त्या लेखकाने बाळाला कधी मांडीवर घेतले आहे का, अशी शंका मला येते.

चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे मुलांना उपजत ठाऊक नसते. मानसशास्त्रज्ञ जुडी डीलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की नऊ महिन्यांची मुले पुस्तकातल्या हुबेहूब छायाचित्रांवर हात फिरवतात, त्यातली वस्तू बोटांनी उचलू पाहतात. एकोणिसाव्या महिन्याच्या सुमारास ती हे सोडून चित्राकडे बोट दाखवू लागतात. धाकटी सध्या पहिल्या टप्प्याकडे निघाली आहे. तिच्यासाठी मी एक पुस्तक घरीच केले. पूर्वी फोटो स्टुडिओत छायाचित्रांबरोबर प्लास्टिकच्या कप्प्यांचे छोटे अल्बम फुकट मिळत, तसा एक कपाटात पडून होता. त्यात एका पानाला एक याप्रमाणे आजीचा चेहरा, तिची वाटी, कूलर, संत्रे, दारातली चप्पल आणि गल्लीतले लाल कुत्रे अशी छायाचित्रे घातली. विकतच्या सगळ्या पुस्तकांना या अल्बमने मागे टाकले आहे. संत्र्याच्या पानावर ती नखाने प्लास्टिक खरवडते आणि फळ सुटत नाही म्हणून माझ्याकडे तक्रारीने पाहते.

मधल्याची गोष्ट निराळी. त्याला एकच पुस्तक हवे असते, आणि तेच, आणि पुन्हा तेच. पावसात भिजलेल्या एका बैलाचे ते पुस्तक आम्ही सलग तीन आठवडे वाचले. मला कंटाळ्याने झोप येई, म्हणून मी मधले एक पान गाळून पाहिले. त्याने माझा हात धरून पान मागे उलटवले. या हट्टामागे काहीतरी कारण आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द काहींना एकाच गोष्टीतून वारंवार, तर काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून तेवढ्याच वेळा ऐकवले गेले, आणि तीच गोष्ट परत परत ऐकलेल्या मुलांनी ते शब्द अधिक चांगले लक्षात ठेवले. तेव्हा दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी दहा पुस्तके आणण्यापेक्षा चार आणावीत, पण ती अशी असावीत की जी पन्नासाव्यांदा वाचताना आपल्यालाच नकोशी होणार नाहीत. हा निकष स्वार्थी वाटेल. परंतु वाचणारा कंटाळला की त्याचा आवाज सपाट होतो, आणि मुलाला ते पहिल्या ओळीतच कळते.

बैलाच्या पुस्तकात प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ फिरून येते. पहिल्या आठवड्यात ती मी वाचली. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या शब्दाआधी थांबलो आणि त्याने तो शब्द भरला. आता मी अर्धी ओळ म्हणतो, अर्धी तो म्हणतो. थांबण्याची अशी जागा पुस्तकातच असावी लागते. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर वेगळ्या रीतीने वाचायला लावले होते. सरळ वाचत न जाता 'हा काय करतो आहे?' असे विचारायचे, मूल जे बोलेल त्याला आणखी दोन शब्द जोडून परत द्यायचे. नेहमीप्रमाणे वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा या मुलांचे बोलणे पुढे गेले. मला त्यातून पुस्तक पारखण्याची एक खूण मिळाली. प्रत्येक पानावर मजकुरात न सांगितलेले असे काहीतरी चित्रात आहे का, हे मी पाहतो. बैलाच्या पुस्तकात एक चिमणी आहे, तिचा मजकुरात कुठेही उल्लेख नाही, आणि ती दर पानावर वेगळ्या ठिकाणी बसलेली असते. माझ्या नजरेस ती पडलीच नव्हती. नातवाने बाराव्या दिवशी दाखवली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, त्याच्यासाठी आणलेला बैल आता त्या पुस्तकाशेजारीच उभा असतो, आणि चित्रातल्या बैलाला शिंगांना बेगड का नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

उचलायच्या झडपा, ओढायच्या पट्ट्या, उघडताच उभे राहणारे वाडे असलेल्या पुस्तकांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्या झडपा आमच्याकडे दोन दिवस टिकल्या हे एक कारण. शिवाय अशा करामतींमुळे लहान मुलांचे लक्ष शब्दांवरून उडते, असे या विषयावरच्या प्रयोगांतही दिसून आले आहे. आजी मात्र माझ्याशी सहमत नाही. तिच्या मते फाटलेली झडप चिकटपट्टीने जोडणे हाही एक कार्यक्रमच असतो.

आजीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मी छापले आहे तसे वाचतो: 'माकड काय करत आहे?' आजी तेच पान 'पाहा बरं, माकड काय करून राहिलं?' असे वाचते, आणि मुले तिच्या वाचनाला जास्त हसतात. सुरुवातीला माझ्यातला मुद्रितशोधक कासावीस होई. पुढे विचार केला, की मुलांना दोन्ही हवे. रोजच्या बोलण्यात जे शब्द कधीच येत नाहीत ते पुस्तकातून येतात. २०१५ मध्ये अमेरिकेत शंभर चित्रपुस्तकांतला मजकूर मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी ताडून पाहिला, तेव्हा पुस्तकांत निरनिराळे शब्द कितीतरी अधिक आढळले. आमच्या घरी 'कुंपण', 'लगबग', 'पागोळ्या' हे शब्द पुस्तकातूनच शिरले. परंतु आजी जेव्हा घरच्या बोलीत वाचते तेव्हा त्या अनोळखी शब्दांना बसायला ओळखीचा पाट मिळतो. म्हणून आता मी पुस्तक निवडताना तिलाही एक पान वाचायला देतो. तिला वाचता वाचता वाक्य वळवून घेता आले तर पुस्तक घरात येते.

थोरलीच्या वयाला, म्हणजे तीन ते सहाच्या दरम्यान, निवड खरी खुलते, कारण आता गोष्ट चालते, विनोद चालतो, थोडी भीतीही चालते. तुलिका या चेन्नईच्या प्रकाशनाची मराठीतली पुस्तके आम्ही वाचतो. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त आणि मजबूत पुस्तके प्रदर्शनात मिळतात. भोपाळच्या एकलव्यची हिंदी पुस्तकेही चालतात, कारण नागपूरच्या मुलाच्या कानांवर हिंदी सकाळी दूधवाल्यापासूनच पडू लागते. एकाच पानावर दोन भाषांतला मजकूर असला तर मी एका बैठकीत एकच भाषा वाचतो, नाहीतर गोष्टीचा ताल मोडतो. चित्रांतली सगळी माणसे गोरी, सगळ्या आया स्वयंपाकघरात आणि सगळे बाबा वर्तमानपत्रामागे असतील तर ते पुस्तक मी परत ठेवतो.

या वयासाठीच्या मराठी पुस्तकांना जडलेला एक जुना रोग म्हणजे तात्पर्य. गोष्ट संपते, चित्र संपते आणि खाली चौकटीत लिहिलेले असते, की आपण नेहमी वडीलधाऱ्यांचे ऐकावे. एकदा मी ते वाचल्यावर नात म्हणाली, "आबा, हे कोण बोललं?" गोष्टीत तर हे बोलणारे कोणीच नव्हते. मी म्हणालो, छापखान्यातल्या माणसाने. तेव्हापासून चौकट आली की ती स्वतःच पान उलटते: "छापखानेवाले काका आले."

मागच्या महिन्यात मात्र तिने मला माझ्याच धंद्यात पकडले. बाजाराचे एक सुरेख पुस्तक आहे; त्यात भाजीवाली, तिच्यापुढे हिरव्या जुड्या, आणि खाली ओळ: 'कोथिंबीर घ्या, कोथिंबीर!' नातीने चित्रावर बोट ठेवून सांगितले, "आबा, चुकलं आहे. हा सांबार आहे." आमच्याकडे, साऱ्या विदर्भातच, कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडी ती दर हिवाळ्यात खाते. कोथिंबीर हा शब्द तिने आजवर घरात ऐकलाच नव्हता. मी समजावले, की पुण्या-मुंबईकडे याला कोथिंबीर म्हणतात, छापील मराठीतही तसेच लिहितात, आणि चूक कोणाचीच नाही. तिने थोडा विचार केला आणि माझ्या खिशातली पेन्सिल काढून दिली. आयुष्यभर ज्या खुणा केल्या त्यांतली एक मी त्या समासात केली आणि शेजारी 'सांबार' असे बारीक अक्षरांत लिहिले.

परवा दुपारी मी डुलक्या घेत असताना तिने ते पुस्तक उघडून धाकटीला वाचून दाखवले. तिला अक्षरे येत नाहीत, पण पाने पाठ आहेत. बाजाराच्या पानावर ती थांबली, समासातल्या माझ्या खुणेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "कोथिंबीर घ्या, कोथिंबीर! म्हणजे सांबार." धाकटीने पुढे वाकून त्या पानाचा कोपरा तोंडात घातला.